उच्चार कळत नाही की रुचत नाही?

टेलिपरफॉर्मन्स ही जगातली सर्वांत मोठी कॉल सेंटर कंपनी. मुख्यालय फ्रान्समध्ये असले तरी तिचे हजारो कर्मचारी भारतात बसून परदेशी ग्राहकांशी बोलतात. २०२५च्या सुरुवातीला या कंपनीने जाहीर केले की, भारतातील कर्मचाऱ्यांचे इंग्रजी ग्राहकाच्या कानापर्यंत पोहोचण्याआधी संगणकाकडून सौम्य करून घेतले जाईल. कॅलिफोर्नियातील सानास या कंपनीचे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरायचे ठरले आणि टेलिपरफॉर्मन्सने त्या कंपनीत १ कोटी ३० लाख डॉलर गुंतवले. कर्मचारी आपल्याच ढबीत बोलत राहतो आणि पलीकडच्या माणसाला, आवाज त्याचाच असला तरी, बोलणे मात्र अमेरिकी वळणाचे ऐकू येते. ग्राहकाचे समाधान वाढेल, संभाषण लवकर आटोपेल आणि दोन्ही बाजूंचा फायदा होईल, असे कंपनीचे म्हणणे.

यावरून जो वाद पेटला तो बघता बघता दोन पंथांत वाटला गेला. एका पंथाला यात गोरे करणाऱ्या क्रीमचा नवा अवतार दिसला. कातडी झाली, आता जीभही उजळून घ्या, असा त्यांचा संताप. दुसरा पंथ व्यवहारी. पैसे देणाऱ्याला कळले पाहिजे, अस्मितेने घरभाडे भरता येत नाही, असा त्यांचा सूर. हे दोन पंथ एकमेकांवर तुटून पडत असले तरी एक गोष्ट दोघांनीही निमूटपणे मान्य केलेली आहे, ती म्हणजे भारतीय ढबीचे इंग्रजी ऐकणाऱ्याला कळत नाही. एक म्हणतो, न कळले तर न कळो, आम्ही बदलणार नाही. दुसरा म्हणतो, कळत नाही म्हणून बदला. माझ्या मते वादाचे मूळच इथे निसटते. बोलणे कळणे आणि बोलणे रुचणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. कॉल सेंटरच्या धंद्यात, नोकरीच्या मुलाखतींत आणि आपल्या सुशिक्षित घरांतही, न रुचण्यालाच न कळण्याचे सभ्य नाव दिले जाते आणि त्याची भरपाई बोलणाऱ्याकडून वसूल केली जाते. कळावे म्हणून बोलणाऱ्याने कष्ट घ्यावेत, सक्तीनेही घ्यावेत. रुचण्याचा भार त्याच्यावर टाकण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

आधी विरुद्ध बाजूचे जे बळकट मुद्दे आहेत, ते मान्य करतो. भारतीय इंग्रजी परक्या कानाला अडते, ही निव्वळ वर्णद्वेष्ट्यांची कुरकूर नव्हे. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधील प्राध्यापक आर. के. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची रीतसर तपासणी केली होती आणि शब्दातल्या चुकीच्या अक्षरावर येणारा आघात हे अडण्याचे एक मोठे कारण त्यांना आढळले होते. ते सहज पटण्यासारखे आहे. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरे जवळजवळ सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रज कान मात्र जड अक्षर पकडून शब्द ओळखतो, आणि ते जागेवर सापडले नाही की तो चाचपडतो. दुसरी अडचण आणखी बारीक आहे. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा 'प' थोडा श्वास सोडून उच्चारला जातो, आपला 'प' कोरडा असतो. त्यामुळे आपण म्हणतो 'पिन' आणि इंग्रजाला ऐकू येते 'बिन'. पॉलिसी क्रमांकात 'पी' आणि 'बी' असेल तर घोटाळा ठरलेलाच. त्यात पारंपरिक टेलिफोन माणसाच्या आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे नेतो, आणि 'स' व 'फ' यांचा फरक आवाजाच्या ज्या उंच पट्टीत असतो ती वाटेतच गळून जाते. तेव्हा अडचण खरी आहे, हे कबूल.

पण हीच अडचण नीट पाहिली की तिचा उपायही तिच्या शेजारीच दिसतो. 'पी फॉर पीटर, बी फॉर बॉस्टन' असे म्हणायला कोणाला अमेरिकी व्हावे लागत नाही. आघाताची जागा शिकता येते, वेग कमी करता येतो, क्रमांक दोनदा वाचून घेता येतो. या सगळ्यानंतरही बोलणाऱ्याची ढब मराठी, तमिळ किंवा पंजाबीच राहते, आणि तरीही बोलणे स्वच्छ कळते. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील संशोधकांनी १९९५ साली नेमके हेच दाखवले. त्यांनी मँडरिन भाषकांचे इंग्रजी स्थानिक श्रोत्यांना ऐकवले, ऐकलेले शब्दशः लिहायला सांगितले आणि ढब किती जड वाटली तेही विचारले. पुष्कळ वाक्ये अशी निघाली की श्रोत्यांनी ती अचूक लिहून काढली, आणि वर शेरा मारला की ढब फारच जड आहे. कळले सगळे होते. रुचले तेवढे नव्हते.

तरीही कोणाला वाटेल की हे प्रयोगशाळेचे चोचले आहेत. मग जिथे एक शब्द चुकीचा ऐकल्याने माणसे मरतात अशा जागेकडे पाहू. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण ठार झाले. कझाक वैमानिकांचे तोकडे इंग्रजी हा तिथल्या चौकशीतला कळीचा मुद्दा होता. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आणि चौथी पातळी बंधनकारक केली. या पातळ्यांमध्ये उच्चाराविषयी काय म्हटले आहे? चौथ्या पातळीवर मातृभाषेचा किंवा प्रांताचा प्रभाव उच्चारावर असेल हे गृहीतच धरले आहे. अट एवढीच की त्याने समजण्यात फक्त कधीकधीच अडथळा यावा. सहाव्या, म्हणजे तज्ज्ञ पातळीवरसुद्धा प्रभाव असायला हरकत नाही, अडथळा जवळजवळ कधीच येऊ नये. साडेतीनशे प्रवाशांचा जीव ज्याच्या उच्चारावर टांगलेला आहे त्या वैमानिकाला ढब टाकून द्यायला कोणी सांगत नाही, आणि ओहायोतल्या कोणाच्या टोस्टरचा परतावा नोंदवणाऱ्या पोरीला मात्र ती टाकावी लागते. स्पष्टतेचा निकष खरोखर स्पष्टतेसाठी असता, तर ही उलटी तऱ्हा दिसली असती का?

मग रुचणे ठरते कसे? ज्यांच्या दारातून ही भाषा आपल्याकडे आली त्या इंग्लंडचा इतिहास इथे फार बोलका आहे. 'शुद्ध' म्हणून ज्या इंग्रजीचा आपल्या कॉन्व्हेंट शाळांनी ध्यास घेतला, ती ब्रिटनमध्येही मूठभरांचीच. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली उच्चारकोश काढला तेव्हा आपण कोणाचे उच्चार नोंदवतो आहोत हे त्यांनी लपवले नव्हते: दक्षिण इंग्लंडमधील ज्या घरांतले पुरुष महागड्या निवासी शाळांत शिकले, त्या घरांतले. पुढे या बोलीला 'रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन' हे नाव पक्के झाले. पीटर ट्रडगिल या भाषावैज्ञानिकाच्या अंदाजानुसार ती बोलणारे ब्रिटिश लोकसंख्येच्या सुमारे तीन टक्के भरतात. बाकीच्या सत्त्याण्णव टक्क्यांची इंग्रजी बिघडलेली आहे, असे म्हणायचे धैर्य कोणत्या व्याकरणात आहे? पण बीबीसीने हीच बोली आपल्या निवेदकांसाठी निवडली आणि घराघरांतल्या रेडिओमुळे ती एका वर्गाची न राहता साऱ्या देशाच्या विश्वासाची खूण बनली.

ही खूण किती खोल रुजली होती ते १९४१ साली कळले. युद्धाच्या ऐन धामधुमीत विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या नटाला बीबीसीने राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. हॅलिफॅक्सचा हा माणूस मध्यरात्रीचे बातमीपत्र संपवताना उत्तरेकडच्या श्रोत्यांना त्यांच्याच ढबीत 'गुड नीट' म्हणायचा. तक्रारींची पत्रे आली. त्यातली खरी मौज अशी की बातम्या कळत नाहीत अशी तक्रार नव्हती. या आवाजातल्या बातम्यांवर विश्वास बसत नाही, अशी होती. आणि तक्रार करणारे सगळे लंडनचे साहेब होते असेही नाही. खुद्द उत्तरेकडच्या लोकांनाही आपल्या घरचा आवाज राष्ट्राच्या तोंडी शोभेना. ज्यांना खाली ढकलले जाते त्यांनाच पायऱ्यांची सर्वांत जास्त काळजी असते, हे आपल्याला नवीन नाही.

यावर एक उत्तर हमखास दिले जाते, आणि ते वजनदार आहे. काही उच्चार कानाला मुळातच गोड लागतात, काही कर्कश; त्यात वर्ग किंवा सत्ता कुठून आली, असा हा युक्तिवाद. बर्मिंगहॅमची ढब याचे आवडते उदाहरण. हॉवर्ड जाइल्स यांच्या १९७०च्या पाहणीपासून पुढच्या जवळपास प्रत्येक पाहणीत ब्रिटिश श्रोत्यांनी तिला तळाशी किंवा तळाजवळ टाकले आहे. पन्नास वर्षे लोक एकमताने नाक मुरडत असतील, तर त्या आवाजातच काही खोट असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जाइल्स आणि ट्रडगिल यांनी याच शंकेचा पाठपुरावा केला. ज्या अमेरिकी आणि कॅनडियन श्रोत्यांना बर्मिंगहॅम म्हणजे कारखाने, धूर आणि कामगारवस्त्या हे ठाऊक नव्हते, त्यांना ती ढब काही कुरूप वाटली नाही. गाव माहीत नसेल तर कर्कशपणाही ऐकू येत नाही. म्हणजे कानाने ऐकला तो आवाज, आणि नावडली ती वस्ती.

याहून लखलखीत पुरावा एका 'र'चा आहे. लंडनचा प्रतिष्ठित माणूस 'फोर्थ फ्लोअर' म्हणताना दोन्ही 'र' गिळतो. तिथे 'र' स्पष्ट उच्चारणे हे खेडवळपणाचे लक्षण. न्यूयॉर्कमध्येही एके काळी हीच रीत होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची १९३३ सालची भाषणे ऐकली तर उच्चभ्रू अमेरिकनही 'र' कसा गिळत असे ते कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. १९६२ साली विल्यम लबॉव हा तरुण संशोधक न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत शिरला: श्रीमंतांचे सॅक्स, मध्यमवर्गाचे मेसीज आणि स्वस्तातले एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असे तो विक्रेत्यांना विचारी, म्हणजे उत्तरात ते दोन 'र' आपोआप येत. सॅक्समध्ये सुमारे ६२ टक्के विक्रेत्यांनी एखादा तरी 'र' उच्चारला, मेसीजमध्ये ५१ टक्क्यांनी, आणि क्लाइनमध्ये जेमतेम २० टक्क्यांनी. जो 'र' लंडनमध्ये गावंढळ, तोच न्यूयॉर्कमध्ये खानदानी. एकाच ध्वनीला एका किनाऱ्यावर मान आणि दुसऱ्या किनाऱ्यावर हसे मिळत असेल, तर तो मान किंवा ते हसे ध्वनीचे नव्हेच.

या 'र'ची सर्वांत विनोदी गत पाहायची तर पुण्यामुंबईच्या कॉल सेंटरच्या फ्लोअरवर जावे. मराठी माणूस इंग्रजीतला प्रत्येक 'र' इमानेइतबारे उच्चारतो. यूके प्रोसेसला, म्हणजे ब्रिटिश ग्राहकांच्या कामाला, लागलेल्याला तो गिळायला शिकवतात आणि यूएस प्रोसेसला लागलेल्याला जीभ मागे वळवून घोळवायला शिकवतात. दोघे एकाच कॅबने येतात. सहा महिन्यांनी प्रोसेस बदलली की गिळलेला 'र' पुन्हा बाहेर काढायचा. या शिक्षणाला धंद्यात 'अ‍ॅक्सेंट न्यूट्रलायझेशन' म्हणतात, जणू जगात कुठे तरी कोणाचाच नसलेला, निर्विकार उच्चार ठेवलेला आहे आणि तो योगायोगाने ग्राहकाच्या उच्चाराशी तंतोतंत जुळतो.

आणि या धंद्याची सर्वांत घातक अक्षरे म्हणजे एमटीआय: मदर टंग इन्फ्लुअन्स. मातृभाषेचा प्रभाव. भरतीच्या व्हॉइस राउंडमध्ये ही तीन अक्षरे कागदावर पडली की उमेदवार घरी. पुण्यातल्या एका कंपनीच्या भरतीला मला काही वेळ बसायला मिळाले होते. परभणीकडचा एक मुलगा आला. चुकीचे बिल आलेल्या ग्राहकाला काय सांगशील, असे त्याला विचारले गेले. तो सावकाश म्हणाला, 'सर, आय विल फर्स्ट चेक द डेट. प्लीज रीड मी द लास्ट फोर नंबर्स.' मग ग्राहकाचे पैसे कधी परत येतील, न आल्यास त्याने कोणता क्रमांक हाताशी ठेवावा, हे त्याने पायरीपायरीने सांगितले. खोलीतल्या कोणाला काहीही पुन्हा विचारावे लागले नाही. समोरच्या कागदावर प्रवाह, व्याकरण, आकलन असे रकाने होते. त्यांत बरे गुण पडले, आणि शेवटी शेरा आला: 'एमटीआय हाय, रिजेक्ट'. त्याच्यानंतरच्या मुलीचे इंग्रजी फर्डे होते, तिने प्रश्न दोनदा चुकीचा ऐकला, तरी ती पुढच्या फेरीत गेली. मी प्रशिक्षकाला कारण विचारले. 'सर, मला सगळं कळलं, पण क्लायंटला चालत नाही,' तो म्हणाला. माणूस प्रामाणिक होता. स्वतः जळगावकडचा, चहाच्या वेळी घरून फोन आला तेव्हा छान ठसठशीत अहिराणी बोलत होता.

'मला कळले, पण क्लायंटला चालत नाही' या वाक्यात सगळी मेख आहे. क्लायंटला, म्हणजे कॉल सेंटरला काम देणाऱ्या परदेशी कंपनीला, कळत नाही असे तो म्हणाला नाही. कोणाला काय कळते याची मोजणी तिथे झालीच नव्हती. शिवाय मातृभाषेचा प्रभाव हा दोष मानायचा, तर जो प्रभाव बोलणे सोपे करतो त्याचे काय? हिंदी पट्ट्यात इंग्रजीतला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही एकाच 'व'मध्ये विरघळतात. मराठी माणूस 'व्हॅन'ला 'व्ह' आणि 'वाइन'ला 'व' लावून त्यांतला भेद बराचसा राखतो, कारण 'जिव्हाळा' आणि 'न्हावी' यांसारखे महाप्राण व्यंजनांचे उच्चार त्याच्या तोंडात आधीच बसलेले आहेत. ('व्हाइट' आणि 'व्हॉट'मध्ये तोच 'व्ह' तो स्पेलिंग बघून उगाच घुसवतो, ते सोडा.) त्याचप्रमाणे 'स्कूल'च्या आधी 'इ' लावायची गरज त्याला पडत नाही. हाही मातृभाषेचाच प्रभाव आहे. पण त्याचे गुण कोणी देत नाही.

ऐकणारा कानानेच ऐकतो असेही समजू नये. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या साऱ्या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले गेले. आवाज ओहायोत वाढलेल्या, अमेरिकी इंग्रजीच मातृभाषा असलेल्या स्त्रीचा. काहींना ऐकताना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. ध्वनिफीत तीच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परकी ढब ऐकू आली, इतकेच नव्हे तर व्याख्यानही त्यांना कमी कळले. म्हणजे नावड आधी येते आणि न कळणे तिच्या मागून येते. सॉफ्टवेअरवाल्यांना इथे आपली बाजू भक्कम झाल्यासारखी वाटेल: पूर्वग्रह खरोखरच आकलन बिघडवतो, मग ढब लपवली तर आकलन सुधारेलच की! सुधारेल, यात शंका नाही. पण मग त्या यंत्राला स्पष्टतेचे यंत्र म्हणू नका. ग्राहकाचा पूर्वग्रह सांभाळण्याची ती सोय आहे, असे म्हणा.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ज्यांच्या जिभेविषयी आपण तावातावाने लिहितो, त्या कर्मचाऱ्यांचे काय म्हणणे आहे? रात्रपाळीला बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला पलीकडचा माणूस पहिल्या वाक्यालाच 'तुमच्या देशातल्या नको, आमच्या माणसाला फोन द्या' असे सुनावतो, शिव्या घालतो, फोन आपटतो. वर एएचटी (एका फोनला लागणारा सरासरी वेळ) वाढला आणि सीसॅट (ग्राहकाच्या समाधानाचे गुण) पडला म्हणून टीम लीडर तिलाच बोलतो. एका बटणाने हे सगळे थांबत असेल, तर तिला ते नको असे सांगणारे आपण कोण? तिच्या अमरावतीच्या घराचा हप्ता आपल्या अस्मितेतून जाणार आहे का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तिने ते बटण दाबावे, आणि त्याबद्दल तिला कोणीही स्वाभिमानाचे धडे देऊ नयेत. पण ते बटण तिच्या हातात आहे का, हा प्रश्न उरतोच. शिवीगाळीवर कंपनीने शोधलेला उपाय शिवी देणाऱ्याला आवरण्याचा नाही, शिवी खाणाऱ्याला दिसेनासे करण्याचा आहे. आणि दिसेनासे झालेल्या माणसाची सवय ग्राहकाला कधीच होत नाही.

सवय होते, हेच तर महत्त्वाचे. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या २००४ सालच्या प्रयोगांत असे दिसले की स्पॅनिश किंवा चिनी ढबीचे इंग्रजी ऐकताना श्रोता सुरुवातीला अडखळतो, पण एका मिनिटाच्या आत त्याचा कान बऱ्यापैकी जुळतो. प्रयोगावर विश्वास नसेल तर कॉल सेंटरकडेच पाहा. नव्या मुलांना टेक्सासचा हेल, ब्रुकलिनची घाई, ग्लासगोचे अर्धे गिळलेले शब्द ऐकवून ऐकवून तयार केले जाते. इंग्लंडच्या बहुतेकांनाही जड जाणारे ग्लासगोचे इंग्रजी बुलढाण्याच्या मुलाला काही आठवड्यांत कळू लागते. कान शिकवता येतो याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? फरक एवढाच की पगार घेणाऱ्याचा कान शिकवला जातो, पैसे मोजणाऱ्याचा नाही. टेक्सासच्या ग्राहकाचा हेल सौम्य करून तो पुण्याच्या कानाला सोपा करावा, असे कोणाच्या मनातही येत नाही. ब्रिटनमध्ये देवयानी शर्मा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाने याला आणखी एक दुजोरा दिला आहे: सामान्य लोकांच्या मनातली ढबींची जुनी उतरंड अजून शाबूत आहे, पण कायदाक्षेत्रात भरती करणाऱ्या अनुभवी लोकांना उत्तरे ऐकवली तेव्हा त्यांनी ढब बाजूला ठेवून उत्तराचा कस बराचसा नीट ओळखला. लक्ष कुठे द्यायचे हे ज्याला माहीत आहे, त्याचा कान सुधारतो.

पहिल्या पंथालाही, म्हणजे अस्मितावाल्यांनाही, एक प्रश्न विचारायला हवा. अमेरिकी ग्राहकाने आपली ढब खपवून घ्यावी असे म्हणणारे आपण घरात काय करतो? 'पानी', 'कोन', 'आनि' म्हणणाऱ्या मुलाला आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या हसून गप्प केले. त्याचे बोलणे कळत नव्हते असे एकही शिक्षक म्हणू शकणार नाही. आणि गंमत अशी की नागपूरहून निघालेली गाडी इटारसीला पोहोचेपर्यंत तोच 'पानी' प्रमाण भाषा होतो, हिंदीच्या वर्तमानपत्रात छापला जातो आणि त्याला कोणी हसत नाही. न्यूयॉर्क-लंडनच्या 'र'ची कहाणी आपल्याकडे 'न' आणि 'ण'च्या रूपात रोज घडते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या इंग्रजीला 'व्हर्नी' म्हणून नाक मुरडणारी मुले अमेरिकी वकिलातीची नव्हेत, आपल्याच महाविद्यालयांतली आहेत. एमटीआयचा शेरा लिहिणारा हातही बहुधा मराठीच असतो. तेव्हा ज्या उतरंडीच्या वरच्या पायरीवर आपण सुखाने बसलो आहोत, तिच्या खालच्या पायरीवर बसवले जाण्याचीच फक्त आपल्याला चीड आहे का, हे या पंथाने एकदा ठरवून टाकावे.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट फार मोठी नाही. कॉल सेंटरच्या गुणपत्रकात आज 'अ‍ॅक्सेंट' नावाचा जो रकाना आहे, त्याच्या जागी मोजता येणाऱ्या गोष्टी घालता येतात: ग्राहकाला किती वेळा पुन्हा विचारावे लागले, क्रमांक आणि नावे एका फटक्यात बरोबर गेली का, काम पहिल्याच फोनमध्ये झाले का. प्रशिक्षणात आज 'र' गिळायला आणि घोळवायला शिकवण्यात जो वेळ जातो, तो आघात, वेग आणि कोरड्या 'प'वर घालवता येतो. सॉफ्टवेअर ठेवायचे तर त्याचे बटण कर्मचाऱ्याच्या हातात असावे, आणि ते बंद ठेवणाऱ्याचे गुण केवळ त्या कारणाने कापले जाऊ नयेत. हे झाले तरीही काही क्लायंट म्हणतीलच की आमच्या ग्राहकांना अमेरिकी आवाजच हवा. त्यांना तो जरूर विकावा, वेगळी सेवा म्हणून विकावा आणि तिचे वेगळे पैसे लावावेत. मात्र ती आवड क्लायंटच्या नावावरच नोंदवावी, आणि ज्याचे बोलणे खोलीतल्या प्रत्येकाला कळले आहे त्या परभणीच्या मुलाला 'तुमचे इंग्रजी कच्चे आहे' असे सांगून परत पाठवू नये.